डुकरांच्या पोटातील कृमी : औषधाआधी जागेचा विचार

वराहपालनाचा जमाखर्च मांडताना पशुपालक खाद्याचा, औषधाचा आणि मेलेल्या पिल्लांचा हिशेब ठेवतात. जे पिल्लू मेले नाही, परंतु वाढलेही नाही, त्याचा हिशेब मात्र कोठेच मांडला जात नाही. एकाच वेतातील दहा पिल्लांपैकी चार-पाच पिल्ले खाऊनपिऊनही खुरटी राहतात. त्यांचे केस राठ होतात, पोट सुटते, पाठीचा कणा दिसू लागतो आणि बाजारात त्यांना कोणी हात लावीत नाही. अशा वेळी दोष जातीला, खाद्याला किंवा नशिबाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण पिल्लांच्या आतड्यात असते. मालकाने घातलेल्या खाद्यावर तेथे राहणारे कृमी पोसले जात असतात.

जंत पोटात राहतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा निर्णायक भाग पोटाबाहेर, गाळ्याच्या जमिनीवर जातो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. म्हणूनच औषध पाजले, चार दिवस बरे वाटले आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच, असा अनुभव वारंवार येतो. औषधाने पोट रिकामे होते, जमीन रिकामी होत नाही. प्रस्तुत लेखात या कृमींचा जीवनक्रम, पिल्लांवरील परिणाम आणि प्रतिबंधाचा व्यवहार्य कार्यक्रम यांची माहिती ग्वाल्हेर परिसराचे हवामान समोर ठेवून दिली आहे.

ग्वाल्हेरची जमीन आणि हवामान

लष्कर, मोरार आणि जुने ग्वाल्हेर या तीन वस्त्या मिळून आजचे ग्वाल्हेर शहर झाले आहे. लष्करातून स्वर्णरेखा आणि पूर्वेकडून मोरार नदी वाहते. जिल्ह्याच्या दक्षिणेस डबरा व भितरवार या भागांत हरसी धरणाच्या कालव्यांमुळे शेतजमीन ओलिताखाली आहे. पशुधनाविषयीची आस्था या प्रदेशाला नवी नाही. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत १९०५ साली येथे सुरू झालेला मेळा मुळात पशुमेळाच होता; पुढे त्याचे मोठ्या व्यापारी मेळ्यात रूपांतर झाले. तथापि गाय, म्हैस व घोडा यांच्या वाट्याला जी काळजी आली, ती डुकराच्या वाट्याला आली नाही. शहराच्या कडेला आणि खेड्यांच्या वेशीवर डुकरे मोकळी सोडून त्यांनी आपले पोट आपणच भरावे, अशीच रीत पडली.

पंचवार्षिक योजनांच्या काळात उत्तरेकडे अलीगढ, महाराष्ट्रात बोरिवली अशा ठिकाणी वराहमांसाचे कारखाने निघाले. त्याच काळात लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही विलायती जात देशात ठिकठिकाणी पोहोचली. ही जात एका वेताला दहा-बारा पिल्ले देऊ शकते आणि लवकर वाढते. परंतु चांगल्या जातीचे जनावर जुन्या घाणीत ठेवले, तर त्याचा गुण मातीत जातो. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ३ लाख डुकरे होती. २०१९ च्या गणनेत ही संख्या सुमारे ९० लाख ६० हजारांवर आली. जी जनावरे आहेत, त्यांच्यापासून पुरते उत्पन्न मिळविणे त्यामुळे अधिकच अगत्याचे ठरते.

हवामानाच्या दृष्टीने ग्वाल्हेरचे वर्ष तीन अगदी भिन्न भागांत विभागलेले आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वर्षाच्या पावसाचा बहुतेक भाग जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडतो. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी असते. या तीन ऋतूंचा कृमींच्या अंड्यांवर तीन प्रकारे परिणाम होतो आणि प्रतिबंधाचे वेळापत्रक त्यावरूनच आखावे लागते.

गोलकृमीचा प्रवास

डुकरांत आढळणाऱ्या आतड्यातील कृमींपैकी सर्वांत परिचित तो मोठा गोलकृमी होय. शास्त्रीय भाषेत त्यास ‘अस्कारिस सुअम’ म्हणतात. तो पांढुरका-गुलाबी, दोन्ही टोकांस निमुळता असतो. मादी २० ते ४० सेंटिमीटर लांब वाढते. तिचे खरे सामर्थ्य अंड्यांत आहे. एक मादी दिवसाला लाख-दोन लाख अंडी सहज घालते. समजा एका डुकराच्या पोटात अशा दहाच माद्या आहेत, तरी त्या एका जनावराच्या विष्ठेतून रोज दहा ते वीस लाख अंडी जमिनीवर पडतात.

ताजी पडलेली अंडी लगेच रोगकारक नसतात. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली म्हणजे तीन ते चार आठवड्यांत अंड्यात अळी तयार होते आणि मगच ते अंडे धोकादायक ठरते. अंड्याचे कवच जाड व चिकट असते. ते मादीच्या सडांना, पायांना, फावड्याला आणि मालकाच्या जोड्यालाही चिकटते. नेहमीच्या जंतुनाशक द्रावणांना ते दाद देत नाही. सावलीच्या ओलसर जागी ही अंडी कित्येक वर्षे जिवंत राहू शकतात. कडक ऊन, पूर्ण कोरडेपणा आणि उकळते पाणी हेच त्यांचे खरे शत्रू होत.

पिल्लू सड चोखताना किंवा जमीन उकरताना असे अंडे गिळते. आतड्यात कवच फुटते आणि बाहेर पडलेली सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात जाते. तेथून सुमारे आठवड्याभरात ती फुप्फुसात पोहोचते, श्वासनलिकेतून वर चढते, खोकल्यासरशी घशात येते आणि पुन्हा गिळली जाते. अशा रीतीने आठ-दहा दिवसांचा फेरा घालून ती लहान आतड्यात परत येते आणि सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण वाढ होऊन अंडी घालू लागते.

हा चमत्कारिक प्रवास १९१६ पर्यंत कोणास ठाऊक नव्हता. भारतीय वैद्यकीय सेवेतील एफ. एच. स्ट्यूअर्ट या अधिकाऱ्याने त्या वर्षी उंदीर व घुशी यांना ही अंडी खाऊ घातली आणि त्यांच्या फुप्फुसांत अळ्या शोधून काढल्या. उंदीर हा या कृमीचा मधला यजमान असावा, असा तर्क त्याने केला. तो पुढे चुकीचा ठरला. अमेरिकेतील ब्रेटन रॅन्सम व त्यांचे सहकारी यांनी मध्ये दुसऱ्या प्राण्याची गरज नाही, हे दाखवून दिले. १९२२ मध्ये जपानच्या कोइनो या संशोधकाने माणसातील गोलकृमीची दोन हजार अंडी स्वतः गिळली. काही दिवसांनी त्यास फुप्फुसाचा त्रास झाला व थुंकीतून अळ्या पडल्या. पुढे औषध घेतल्यावर सहाशेहून अधिक कृमी बाहेर आले. अळी फुप्फुसातून जाते, याविषयी त्यानंतर शंका उरली नाही.

या ज्ञानाचा गोठ्यातील उपयोग मोठा आहे. पिल्लू धापा टाकते व खोकते, तेव्हा मालक सर्दीचे औषध शोधतो. परंतु तो खोकला पोटातल्या कृमीचा अग्रदूत असू शकतो. कत्तलीनंतर यकृतावर दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग दिसतात, तेही अळ्यांच्या प्रवासाचेच व्रण होत. असे यकृत तपासणीत बाद होते आणि तेवढे उत्पन्न बुडते. आतड्यात कृमींची संख्या फार झाल्यास त्यांचा गुंता होऊन आतडे बंद पडते. एखादा कृमी पित्ताच्या नळीत शिरला, तर जनावरास कावीळ होते.

आतड्यातील इतर उपद्रवी जीव

गोलकृमीखेरीज आणखी काही कृमींची ओळख असणे आवश्यक आहे.

(१) चाबूककृमी : याचा पुढचा भाग केसासारखा बारीक आणि मागचा जाड असल्याने तो चाबकासारखा दिसतो. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात डोके खुपसून राहतो. दोन ते चार महिन्यांच्या पिल्लांना शेंब व रक्तमिश्रित हगवण लागते. याची अंडीही जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात.

(२) गाठकृमी : एक-दीड सेंटिमीटर लांबीचे हे कृमी मोठ्या आतड्यात असतात. त्यांच्या अळ्यांमुळे आतड्याच्या भिंतीत गाठी येतात. पिल्लांपेक्षा मोठ्या जनावरांत, विशेषतः व्यालेल्या मादीत, यांचा उपद्रव अधिक असतो. मादी पुरेसे खाऊनही रोडावते, दूध कमी देते, आणि तिच्या रोडावण्याची किंमत पिल्लांना मोजावी लागते.

(३) धाग्यासारखा बारीक कृमी : शास्त्रीय नाव ‘स्ट्राँगिलॉइडिस रॅन्सोमी’. नुसत्या डोळ्यांना हा सहसा दिसत नाही. याच्या अळ्या ओल्या जमिनीवरून पिल्लाच्या कातडीतून आत शिरतात. एवढेच नव्हे, तर मादीच्या शरीरात दडून राहिलेल्या अळ्या चिकावाटे व दुधावाटे पहिल्या दिवसापासून पिल्लाच्या पोटात जातात. म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या पिल्लांतही याची हगवण दिसते.

(४) काटेरी तोंडाचा कृमी : हुमणीसारख्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांतून हा डुकरात येतो. उकिरडा आणि शेत उकरीत हिंडणाऱ्या मोकाट डुकरांत तो आढळतो. बंदिस्त डुकरांत त्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

(५) कॉक्सिडिया : हा कृमी नव्हे, तर एकपेशीय सूक्ष्म जीव आहे. परंतु पिल्लांच्या आतड्याची हानी करण्यात तो कृमींपेक्षा कमी नाही. पाच ते पंधरा दिवसांच्या पिल्लांना पिवळसर, लगद्यासारखी आणि आंबूस वासाची हगवण लागते. पिल्ले दूध पितात, मरतात थोडी. पण वजन भरत नाही आणि एका वेतातील पिल्ले लहान-मोठी दिसू लागतात. उबदार गाळ्यात या जीवाची बीजे एका दिवसात रोगकारक बनतात. म्हणून विण्याच्या गाळ्याची रोजची सफाई येथे निर्णायक ठरते.

वयावरून निदानाची दिशा

हगवण दिसली की जंताचे औषध, ही सवय योग्य नाही. पिल्लाचे वय विचारात घेतल्यास कारणाची दिशा कळते.

जन्मल्यापासून चार दिवसांच्या आत लागणारी हगवण बहुधा कृमींची नसते. ती जीवाणू, थंडी किंवा अपुरा चीक यांमुळे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर पिल्ले पांढरीफटक पडू लागली, तर लोहाची उणीव असण्याचा संभव अधिक. मादीच्या दुधात लोह फार थोडे असते, म्हणून बंदिस्त गाळ्यातील पिल्लांना पहिल्या आठवड्यात लोहाचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. पाच ते पंधरा दिवसांच्या हगवणीत कॉक्सिडिया व धाग्यासारखा कृमी यांचा विचार करावा. दूध तोडण्याच्या सुमारास खोकला व खुरटलेपणा दिसल्यास गोलकृमीच्या अळ्यांचा, आणि दोन महिन्यांनंतर पोट सुटणे किंवा विष्ठेतून लांब कृमी पडणे ही लक्षणे दिसल्यास पूर्ण वाढलेल्या गोलकृमीचा संशय घ्यावा.

खात्रीसाठी विष्ठेची तपासणी करून घ्यावी. सकाळची ताजी विष्ठा, जमिनीचा भाग न लागू देता, स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. मिठाच्या संपृक्त द्रावणात विष्ठा कालवली म्हणजे हलकी अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. गोलकृमी सहा आठवड्यांपूर्वी अंडी घालीत नाही. त्यामुळे एक महिन्याच्या पिल्लाच्या विष्ठेत गोलकृमीची अंडी आढळली नाहीत, एवढ्यावरून ते त्यापासून मुक्त आहे असे समजू नये. अशा वेळी मादीची विष्ठा तपासणे अधिक उपयोगी पडते. एखादे पिल्लू मेल्यास ते नुसते पुरून न टाकता पशुवैद्यकांकडून शवविच्छेदन करून घ्यावे. एका मेलेल्या पिल्लाची तपासणी उरलेल्या नऊ पिल्लांचे रक्षण करू शकते.

मॅक्लीन परगण्याचा धडा

आज बाजारात अनेक गुणकारी जंतनाशके मिळतात. परंतु ती निघण्याच्या कितीतरी आधी, औषधावर फारसे न विसंबता या कृमींवर मात करण्याचा एक यशस्वी प्रयोग झाला. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील मॅक्लीन परगण्यात १९१९ च्या सुमारास रॅन्सम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शेतकऱ्यांना हाताशी धरून तो केला. त्यांचे म्हणणे साधे होते : पिल्लू जन्मतः गोलकृमीपासून मुक्त असते, त्याला घाणेरड्या गाळ्यात आणि जुन्या कुरणात आपण कृमी देतो.

त्यांनी चार नियम घालून दिले. विण्याचा गाळा उकळते पाणी व कॉस्टिक सोडा यांनी घासून धुवावा. मादीस त्या गाळ्यात नेण्यापूर्वी तिचे सड, पोट व पाय साबणाने धुवावेत. दहा दिवसांच्या आत मादी व पिल्ले यांना, ज्यावर अलीकडे डुकरे हिंडली नाहीत अशा स्वच्छ जमिनीवर न्यावे; आणि नेताना जुन्या वाटेवरून चालवीत न नेता गाडीतून न्यावे. पिल्ले चार महिन्यांची होईपर्यंत त्यांना त्याच जमिनीवर ठेवावे. या रीतीने वाढविलेल्या पिल्लांत खुरटी पिल्ले फार थोडी निघाली आणि तितकीच पिल्ले तयार करण्यास पूर्वीपेक्षा कमी माद्या पुरू लागल्या. गाडीतून नेण्याचा नियम प्रथमदर्शनी विनोदी वाटतो. परंतु वाटेवरच्या मातीतही अंडी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील शहाणपण कळते.

आपल्याकडील लहान पशुपालकास मोठे कुरण नसते, हे खरे. परंतु उकळते पाणी, साबण आणि खराटा या तीन गोष्टी कोणाच्याही घरी असतात. या पद्धतीचा गाभा त्यांतच आहे.

वेताभोवतीचा कार्यक्रम

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवसांचा असतो. मादी फळविल्याची तारीख लिहून ठेवली, तर पुढील कामे ठरल्या दिवशी करता येतात.

विण्यापूर्वी दोन आठवडे : पशुवैद्यकांच्या सल्ल्याने मादीस जंतनाशक द्यावे. हे औषध तिला जुन्याच गाळ्यात असताना द्यावे, म्हणजे बाहेर पडणारे कृमी व अंडी नव्या गाळ्यात येणार नाहीत.

विण्यापूर्वी एक आठवडा : विण्याचा गाळा रिकामा करून खरवडावा. विष्ठा व जुना पेंढा पूर्ण काढल्याशिवाय पाणी ओतू नये, कारण घाणीच्या थराखाली उष्णता पोहोचत नाही. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने फरशी घासावी, उकळते पाणी सर्व सांधे व कोपरे यांत ओतावे आणि गाळा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. मातीची जमीन असल्यास वरचा थर काढून नवा मुरूम भरून ठोकावा. शक्य तेथे विण्याच्या गाळ्यापुरती तरी पक्की, उताराची फरशी करावी. हा खर्च एकदाच होतो.

गाळ्यात नेताना : मादीस साबण व कोमट पाण्याने धुवावे. सडांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पिल्लाचा पहिला घास तेथेच असतो.

व्याल्यावर : विष्ठा रोज उचलावी आणि पेंढा कोरडा ठेवावा. खाद्य जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्यावे. विण्याच्या गाळ्याचे फावडे व खराटा वेगळे ठेवावेत.

दूध तोडल्यानंतर : सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पिल्लांना पहिले जंतनाशक द्यावे आणि सुमारे महिन्याभराने दुसरी मात्रा द्यावी. औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांनी पिल्लांना धुतलेल्या गाळ्यात हलवावे. नवीन विकत आणलेले जनावर तीन-चार आठवडे वेगळे ठेवून, औषध देऊनच कळपात सोडावे. नरास विसरू नये. त्यास वर्षातून दोनदा औषध द्यावे.

काढलेली विष्ठा गाळ्यामागे पसरू न देता खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर थराथराने रचावी. ढीग नीट कुजला म्हणजे आतील उष्णता ५० अंशांच्या वर जाते आणि अंडी मरतात. वरचा थर मात्र थंड राहतो, म्हणून ढीग दोन-तीन वेळा उलटावा. असे खत शेतास उत्तम. कच्ची विष्ठा भाजीपाल्यास कदापि घालू नये.

औषधांविषयी विवेक

फेनबेंडाझोल हे औषध दर किलो वजनास ५ मिलिग्रॅम या प्रमाणात खाद्यातून देतात. म्हणजे ६० किलोच्या मादीस ३०० मिलिग्रॅम लागेल. गोलकृमी व गाठकृमी यांवर ते गुणकारी आहे. चाबूककृमीवर एका मात्रेने काम भागत नाही. अनेक दिवस लागोपाठ द्यावे लागते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दर किलोस ०.३ मिलिग्रॅम या प्रमाणात कातडीखाली देतात. त्याने खरूज व उवाही जातात. लेव्हामिसोल व पिपेराझिन ही जुनी औषधेही वापरात आहेत. अल्बेंडाझोल गाभण जनावरास, विशेषतः सुरुवातीच्या काळात, देऊ नये. कॉक्सिडियावर यांपैकी कोणत्याही औषधाचा उपयोग होत नाही. त्यासाठी टॉल्ट्राझुरिलसारखे वेगळे औषध पशुवैद्यकांनी ठरवून द्यावे लागते.

अंदाजाने कमी औषध देणे ही सर्वांत घातक काटकसर होय. अर्धवट मात्रेने दुबळे कृमी मरतात, चिवट उरतात आणि पुढील पिढीवर तेच औषध निष्प्रभ ठरू लागते. जनावराचे वजन करून किंवा पशुवैद्यकांकडून अंदाज घेऊनच मात्रा ठरवावी. कळपाला एकत्र खाद्यातून औषध दिल्यास दांडगी जनावरे अधिक खातात आणि ज्या खुरट्या पिल्लास औषधाची खरी गरज, तेच वंचित राहते. सबब लहान-मोठ्यांचे गट पाडावेत. औषध दिल्यानंतर वेष्टनावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत जनावर कत्तलीस देऊ नये. रॉकेल, तंबाखूचे पाणी यांसारखे उपाय करू नयेत. त्यांनी कृमींपूर्वी पिल्लूच दगावण्याचे भय असते.

ऋतूंप्रमाणे वेळापत्रक

ग्वाल्हेरचा उन्हाळा माणसास असह्य होतो. परंतु तो पशुपालकाचा मित्र ठरू शकतो. मे महिन्यात एकेक गाळा पाळीपाळीने रिकामा करून, खरवडून, उघडा टाकावा. तापलेल्या कोरड्या फरशीवर अंडी टिकत नाहीत. मात्र पाण्याच्या टाकीभोवतालचा चिखल, लोळण्याचा खड्डा आणि नाल्याची सावली या जागा उन्हाळ्यातही ओल्या राहतात आणि अंडी तेथेच पावसाची वाट पाहतात. ते खड्डे बुजवावेत आणि डुकरांना थंडाव्यासाठी फरशीवर पाणी शिंपडावे.

पाऊस सुरू होण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, सर्व जनावरांना औषध द्यावे. ऊब व ओलावा एकत्र असलेल्या जुलै-सप्टेंबरच्या काळात अंडी झपाट्याने पक्व होतात, म्हणून या काळात विष्ठा दिवसातून दोनदा उचलावी. ऑक्टोबरमध्ये विष्ठा तपासून दुसरी मात्रा द्यावी. हिवाळ्यात १५ अंशांखाली अंड्यांची वाढ थांबते. परंतु अंडी मरत नाहीत, केवळ निजतात. मार्चमध्ये ती पुन्हा वाढू लागतात. हिवाळ्यात रोग कमी दिसला म्हणून सफाई सोडणाऱ्यास उन्हाळ्याच्या तोंडी त्याचे फळ भोगावे लागते.

माणसाचे आरोग्य आणि डुक्कर

डुकराचा गोलकृमी माणसासही बाधू शकतो. म्हणून गाळ्याच्या आसपास लहान मुलांना मातीत खेळू देऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. परंतु याहून गंभीर प्रश्न पट्टकृमीचा आहे. ‘टीनिया सोलियम’ हा लांब, फितीसारखा कृमी माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा डुकराने खाल्ली, तर त्याच्या मांसात तांदळाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पांढुरक्या गाठी तयार होतात. असे मांस अर्धकच्चे खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात पुन्हा पट्टकृमी वाढतो. पण माणसाने पट्टकृमीची अंडीच गिळली, म्हणजे अस्वच्छ हात, दूषित पाणी किंवा न धुतलेली भाजी यांतून ती पोटात गेली, तर गाठी त्याच्या स्वतःच्या मेंदूत होऊ शकतात आणि त्यामुळे अपस्मारासारखे झटके येतात. ज्याने आयुष्यात मांसाला स्पर्श केला नाही, अशा शाकाहारी माणसासही हा रोग होतो, तो या मार्गाने.

डुक्कर माणसास रोग देते असे म्हणण्यापूर्वी, या बाबतीत तो रोग डुकरास माणूस देतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून येथे इलाज तिहेरी आहे : प्रत्येक घरी शौचालय आणि त्याचा नित्य वापर, डुकरे बंदिस्त ठेवणे, आणि मांस आतपर्यंत पूर्ण शिजवून खाणे. महाराष्ट्रात २०००-०१ पासूनचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि देशभर २ ऑक्टोबर २०१४ पासून सुरू झालेले स्वच्छ भारत अभियान यांचा वराहपालनाशी असा थेट संबंध आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या टुंबेस प्रदेशात माणसे व डुकरे या दोघांवरही एकाच वेळी औषधोपचार करण्यात आले आणि डुकरांना लसही देण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०७ खेड्यांपैकी १०५ खेड्यांत या रोगाचा प्रसार थांबला. डुकरांसाठीची अशी लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेने तयार केली आहे. सारांश, ही व्याधी अटळ नाही.

गावाचे काम

एका घराने गाळा स्वच्छ ठेवला आणि शेजारची डुकरे मोकाट फिरत राहिली, तर त्या एका घराचे श्रम निम्मे वाया जातात. म्हणून ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखाना व शाळा यांनी एकत्र येणे इष्ट होय. ग्रामपंचायतीने वराहपालकांना दंडाचा धाक दाखविण्याआधी बंदिस्त गाळ्यासाठी जागा, पाणी व निचरा यांची सोय पाहावी. पुष्कळ वराहपालक भूमिहीन असतात. त्यांच्या हाती जागा नसते, म्हणूनच डुकरे रस्त्यावर येतात. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी जून व ऑक्टोबर या दोन महिन्यांत वस्तीवर जाऊन विष्ठा तपासणी व औषधोपचाराची शिबिरे भरवावीत. कठीण निदानासाठी जबलपूर व महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे साहाय्य घेता येते.

शिक्षकांची भूमिका विशेष महत्त्वाची आहे. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्याच दिवशी फळ्यावर गोलकृमीचे चक्र काढून ते कोठे कोठे तोडता येते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. घरी डुकरे असलेल्या मुलाला या पाठात कमीपणा वाटू नये, उलट त्याच्या अनुभवाचा वर्गाला उपयोग व्हावा, ही दक्षता घ्यावी. तेच मूल घरी जाऊन आईवडिलांना सड धुण्याचे महत्त्व सांगेल.

वराहपालन हा थोड्या भांडवलाचा आणि लवकर फळ देणारा जोडधंदा आहे. पिल्लू जन्मतः गोलकृमीविना येते; ते तसेच राहील की नाही, हे पहिल्या दहा दिवसांत त्याच्या पायाखालची जमीन ठरवते. ती जमीन स्वच्छ ठेवणे पशुपालकाच्या हाती आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गोलकृमीचे ताजे अंडे लगेच रोगकारक का नसते? रोज विष्ठा उचलण्याचा फायदा यावरून स्पष्ट करा.
२. पिल्लाचा खोकला आणि पोटातील कृमी यांचा संबंध काय?
३. मादीस जंतनाशक जुन्या गाळ्यात द्यावे आणि नव्या गाळ्यात नेताना धुवावे, असे का सांगितले आहे?
४. एक महिन्याच्या पिल्लाच्या विष्ठेत गोलकृमीची अंडी नसणे, हा पिल्लू निरोगी असल्याचा पुरावा का होत नाही?
५. शाकाहारी माणसास पट्टकृमीच्या गाठींचा रोग कसा होऊ शकतो? तो टाळण्यासाठी गावाने कोणत्या तीन गोष्टी कराव्यात?
६. आपल्या गावातील ओलसर, सावलीच्या आणि डुकरे लोळण्याच्या जागांचा नकाशा काढा. त्यांपैकी कोणत्या जागा मे महिन्यात कोरड्या करता येतील, याची ग्रामपंचायत सदस्यांशी चर्चा करा.